प्रशियातला राजा, प्रशियाचा राजा

१७०१ साली होहेन्झोलर्न घराण्याने राजपद धारण केले तेव्हा त्यांच्या राजाची जर्मनमधली अधिकृत पदवी 'प्रशियातला राजा' अशी होती. १७७२ मध्ये फ्रेडरिक द ग्रेटने ती बदलून 'प्रशियाचा राजा' अशी केली. सप्तमी गेली, षष्ठी आली. युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट बहुधा तळटीपेत सापडते आणि वाचणारा ती व्याकरणाची गंमत समजून पुढे जातो. माझ्या मते तळटीपेतली ही ओळ मजकुरात यायला हवी. जमीन कोणाची, हरकत कोणाची आणि मान्यता कोणाची, याचा सगळा हिशेब त्या एका प्रत्ययात आहे. आणि त्या हिशेबात ज्यांचे नुकसान झाले त्यांची नावे प्रशियाच्या इतिहासात फारशी घेतली जात नाहीत.

मुळात प्रशिया म्हणजे बर्लिन नव्हे. बर्लिन ब्रँडेनबर्गचे. प्रशिया तिथून कितीतरी पूर्वेला, बाल्टिक समुद्राच्या काठी. तिथले मूळचे प्रशियन लोक जर्मनही नव्हते आणि पोलिशही. त्यांची भाषा लिथुआनियनच्या कुळातली. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने त्यांना तलवारीच्या बळावर जिंकले आणि ख्रिस्ती केले. त्यांची भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कायमची लोपली. नाव मात्र जिंकणाऱ्यांनी घेतले आणि जगभर मिरवले.

१४६६ च्या थॉर्नच्या तहाने या प्रदेशाचे दोन तुकडे झाले. डान्झिग, थॉर्न, एल्बिंग अशी श्रीमंत व्यापारी शहरे असलेला पश्चिमेकडचा भाग थेट पोलंडच्या राजाकडे गेला. त्याला शाही प्रशिया म्हणत. पूर्वेकडचा भाग ऑर्डरकडे राहिला, पण पोलंडचा मांडलिक म्हणून. १५२५ मध्ये ऑर्डरचा प्रमुख अल्ब्रेख्त याने ल्यूथरचा पंथ स्वीकारला, संघटनेची जमीन आपल्या घराण्याची डची, म्हणजे ड्यूकचे संस्थान, करून टाकली आणि क्राकोच्या चौकात पोलंडचा राजा सिगिस्मंड पहिला याच्यापुढे गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतली. हा अल्ब्रेख्त होहेन्झोलर्न घराण्यातला. यान मातेइको या पोलिश चित्रकाराने १८८२ मध्ये या प्रसंगाचे भव्य चित्र पुरे केले, तेव्हा पोलंड नावाचे राज्य नकाशावर उरलेले नव्हते आणि त्याच्या पश्चिम भागावर त्याच होहेन्झोलर्नांची सत्ता होती. गुडघे टेकलेला अल्ब्रेख्त त्या काळात रंगवणे हीच एक राजकीय कृती होती.

१६१८ मध्ये अल्ब्रेख्तची शाखा खुंटली आणि पूर्वेची ही डची ब्रँडेनबर्गच्या इलेक्टरकडे आली. इलेक्टर म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्यासाठी मत देण्याचा हक्क असलेला राजपुत्र. मान मोठा, पण तो राजा नव्हे. त्यातून हा इलेक्टर दोन धन्यांचा झाला: ब्रँडेनबर्गपुरता सम्राटाचा, प्रशियापुरता पोलंडच्या राजाचा. या दुसऱ्या धन्यापासून सुटका करून घेतली ती फ्रेडरिक विल्यम याने. इतिहास त्याला थोरला इलेक्टर म्हणतो. स्वीडन आणि पोलंड यांच्यात युद्ध पेटले तेव्हा तो आधी स्वीडनचा मांडलिक झाला. मग स्वीडनच्या बाजूने १६५६ मध्ये वॉर्सॉपाशी पोलंडविरुद्ध लढला आणि दोन्हीकडून बोली वाढवत नेली. अखेर सप्टेंबर १६५७ मध्ये वेलाऊच्या तहाने पोलंडने डचीवरचा आपला वरचष्मा सोडला. १६६० च्या ओलिवाच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. एक कलम मात्र पोलिश वकिलांनी घालून ठेवले होते: होहेन्झोलर्नांची पुरुषशाखा खुंटली तर डची पुन्हा पोलंडकडे जाईल. हे कलम पुढे शंभरावर वर्षे जिवंत राहिले.

सार्वभौमत्व मिळाले ते इलेक्टरला. डचीतल्या सरदारांना आणि तिथल्या क्योनिग्जबर्ग शहराच्या नागरिकांना ते नको होते. पोलंडचा राजा दूरचा होता, त्याच्याकडे इलेक्टरविरुद्ध दाद मागता येत होती आणि पोलंडच्या व्यवस्थेत सरदारांच्या व शहरांच्या हक्कांना मान होता. आता वर कोणीच उरले नाही. क्योनिग्जबर्गचा नागरिक नेता हिएरोनिमुस रोट याने विरोध संघटित केला. १६६२ मध्ये त्याला पकडले आणि १६७८ मध्ये तो कैदेतच मेला. क्रिस्टियान लुडविग फॉन काल्कश्टाइन हा सरदार वॉर्सॉला पळाला. इलेक्टरच्या माणसांनी १६७० मध्ये त्याला परक्या राजधानीतून पळवून आणले आणि १६७२ मध्ये मेमेल इथे त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या राजमुकुटाचा पाया हा असा घातला गेला. मुकुटाची कथा सांगणारे बहुतेक जण सुरुवात १७०१ पासून करतात, म्हणून रोट आणि काल्कश्टाइन ही नावे त्यात येत नाहीत.

थोरल्या इलेक्टरचा मुलगा तिसरा फ्रेडरिक १६८८ मध्ये गादीवर आला, तेव्हा युरोपात मुकुटांची चढाओढ सुरू होती. त्याचा मामेभाऊ ऑरेंजचा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. शेजारचा सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस १६९७ मध्ये कॅथलिक झाला आणि पोलंडच्या गादीवर निवडून आला. हॅनोव्हरचे घराणे १६९२ मध्ये इलेक्टरपदाला पोचले होते आणि इंग्लंडच्या वारसाहक्काकडे डोळे लावून बसले होते. १६९७ मध्ये रायस्वाइकला तहाची बोलणी झाली, तिथे ब्रँडेनबर्गच्या वकिलांना राजांच्या वकिलांच्या बरोबरीचा मान मिळाला नाही. लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतो यावरून आपल्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला या दुखण्याचे नवल वाटू नये. पण इथे प्रश्न फक्त रुसण्याचा नव्हता. ज्याचा वकील दाराबाहेर थांबतो, त्याच्या प्रदेशाचा निकाल आतले लोक लावतात.

साम्राज्याच्या हद्दीत राजे होण्याची सोय नव्हती. बोहेमियाचा राजा हा एकच अपवाद होता आणि तो मुकुट सम्राटाच्याच हॅब्सबर्ग घराण्याकडे होता. म्हणजे ब्रँडेनबर्गचा राजा होणे अशक्यच. इथे ती लांबची, गरीब, थंडीने गारठलेली डची कामाला आली. ती साम्राज्याच्या बाहेर होती आणि १६५७ पासून पोलंडच्याही बाहेर. जगात कोणाचाही धनीपणा नसलेली जमीन या घराण्याकडे एवढीच होती.

तरी सम्राटाची मान्यता हवीच होती, कारण ती नसती तर इतर दरबारांनी पदवी कागदावरसुद्धा घेतली नसती. १ नोव्हेंबर १७०० रोजी स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स निपुत्रिक वारला. स्पेनच्या वारशासाठी फ्रान्सशी युद्ध अटळ झाले आणि सम्राट लिओपोल्डला फौजेची निकड लागली. १६ नोव्हेंबरला व्हिएन्नात करार झाला: ब्रँडेनबर्गने सम्राटाला ८,००० सैनिक द्यायचे, सम्राटाच्या निवडणुकीत हॅब्सबर्गांना साथ द्यायची आणि सम्राटाने नवे राजपद मान्य करायचे. बर्लिनचा एक हट्ट इथे महत्त्वाचा आहे. सम्राट राजा 'करतो' आहे असे दिसता कामा नये, तो फक्त 'मान्य करतो' आहे, असे त्यांना हवे होते. ज्याने दिले त्याला काढूनही घेता येते, हे दोन धन्यांखाली वाढलेल्या घराण्याला पक्के ठाऊक होते.

राज्याभिषेकाच्या विधीतही हीच काळजी दिसते. १७ डिसेंबर १७०० रोजी लवाजमा बर्लिनहून निघाला. वाटेत बदलण्यासाठी सुमारे ३०,००० घोडे लागले, असे नोंदले गेले आहे. १८ जानेवारी १७०१ रोजी क्योनिग्जबर्गच्या किल्ल्यात आपल्या दालनात फ्रेडरिकने स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर ठेवला. मग राणी सोफी शार्लोटच्या डोक्यावर तिचा मुकुट ठेवला. त्यानंतर सरदारांनी आणि शहरांच्या प्रतिनिधींनी मुजरा केला. आणि एवढे सगळे उरकल्यावर राजाराणी किल्ल्यातल्या चर्चमध्ये गेले, तिथे धर्मगुरूंनी पवित्र तेल लावले. इतरत्र आधी अभिषेक होतो आणि मग मुकुट. इथे क्रम उलटा. चर्चने राजा केला नाही, प्रजेने केला नाही, सम्राटाने केला नाही. तेल लावणारे दोन बिशपसुद्धा राजानेच या कामापुरते नेमलेले होते, एक ल्यूथरपंथी आणि एक कॅल्व्हिनपंथी, कारण राजघराणे कॅल्व्हिनचे आणि प्रजा ल्यूथरची. सोहळ्याचा प्रमुख व्यवस्थापक योहान फॉन बेसर याने पुढे या सगळ्याचे सविस्तर पुस्तकच लिहिले, म्हणून हा क्रम आपल्याला बारकाईने कळतो. एकूण खर्चाचा अंदाज ६० लाख थालर असा दिला जातो. राज्याच्या वर्षाच्या उत्पन्नापेक्षा तो जास्त होता.

आता त्या सप्तमीकडे येऊ. 'प्रशियातला' असे का? पाठ्यपुस्तकांत दोन उत्तरे मिळतात. एक, सम्राटाला साम्राज्याच्या आत दुसरा राजा नको होता. दोन, पश्चिम प्रशिया पोलंडकडे होता, त्यामुळे 'प्रशियाचा राजा' म्हटले असते तर पोलंडच्या प्रदेशावर दावा सांगितल्यासारखे झाले असते. दोन्ही उत्तरे एका ओळीत लिहून टाकायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही, कारण ही दोन उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. सम्राटाची अडचण ब्रँडेनबर्गपुरती होती. राजपद साम्राज्याबाहेरच्या प्रशियाला जोडले की ती संपली. 'चा' लावला काय आणि 'तला' लावला काय, त्याला फरक पडत नव्हता. मुकुटाला प्रशियाचे नाव का, याचे उत्तर व्हिएन्नात आहे. त्या नावाला सप्तमी का, याचे उत्तर मुख्यतः वॉर्सॉत आणि डान्झिगमध्ये आहे.

डान्झिगचे लोक स्वतःला प्रशियन म्हणत. घरी जर्मन बोलत, पंथ बहुतेकांचा ल्यूथरचा, आणि राजा पोलंडचा. त्यांची स्वतःची प्रांतसभा होती, शहरांचे कायदे आणि विशेष हक्क होते, सरकारी जागा भूमिपुत्रांनाच मिळाव्यात असा आग्रह होता. त्यांच्या दृष्टीने प्रशियन असणे म्हणजे पोलंडच्या प्रजासत्ताकात हक्कांसह राहणे. १७०१ मध्ये शेजारच्या डचीतला इलेक्टर त्याच नावाचा राजा झाला तेव्हा त्यांना धोका दिसला. पोलंडचा राजा ऑगस्टस व्यक्तिशः या पदवीला अनुकूल होता, पण पोलंडच्या संसदेने ती मान्य करायला १७६४ साल उजाडले. पोपने निषेध नोंदवला, कारण ऑर्डरची जमीन म्हणजे चर्चची लुटलेली मालमत्ता असे रोमचे मत होते. इंग्लंड आणि हॉलंड यांना मित्र हवा होता, त्यांनी लवकर मान्यता दिली. फ्रान्स आणि स्पेन यांनी १७१३ च्या उट्रेख्टच्या तहापर्यंत ती अडवून ठेवली.

ज्या भूमीच्या नावाने मुकुट चढला तिचे काय झाले, हेही याच आढाव्यात यायला हवे. १७०९ ते १७११ या काळात पूर्वेच्या त्या प्रशियात दुष्काळ आणि प्लेग एकदम आले. दोन लाखांहून जास्त माणसे मेली, म्हणजे लोकसंख्येचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गावेच्या गावे ओस पडली. मूळ प्रशियन भाषा बोलणारे जे थोडे उरले होते तेही बहुधा याच साथीत गेले. बर्लिनचा दरबार तोवर राजवैभवात आणि राजाचा लाडका मंत्री वार्टेनबर्ग याच्या कारभारात बुडालेला होता. साथीच्या काळातल्या बेपर्वाईची आणि पैशाच्या गोंधळाची चौकशी झाली तेव्हा तो मंत्री पदावरून गेला. युवराज फ्रेडरिक विल्यम याने हे सगळे जवळून पाहिले. १७१३ मध्ये तो गादीवर आला आणि त्याने राज्याभिषेकच केला नाही. दरबाराचा खर्च त्याने निर्दयपणे कापला. ओस पडलेल्या प्रशियात पुढे साल्झबर्गमधून हाकललेल्या हजारो प्रोटेस्टंट शेतकऱ्यांना त्याने वसवले. राजपदाचा अर्थ या राजाने बापापेक्षा जास्त गंभीरपणे घेतला, असे माझे मत आहे. त्याच्या क्रूरपणाविषयी लिहिले जाते तेवढे याविषयी लिहिले जात नाही.

इतिहासकारांनी या पदवीचे काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पहिला कडक निवाडा १७०१ च्या राजाच्या नातवाचा. फ्रेडरिक द ग्रेटने आपल्या घराण्याच्या इतिहासात आजोबाला दिखाऊपणाबद्दल फटकारले. पण त्या पोकळ पदवीने वारसांना पराक्रमाची ओढ लावली, हेही कबूल केले. एकोणिसाव्या शतकात ड्रॉयझेनसारख्या प्रशियाभक्त इतिहासकारांनी १७०१ हा जर्मनीच्या एकीकरणाच्या वाटेवरचा टप्पा ठरवला. १७०१ च्या त्या फ्रेडरिकच्या मनात जर्मनीच्या एकीकरणाचा विचार होता याला काहीच आधार नाही. अलीकडच्या अभ्यासकांनी, विशेषतः बार्बरा श्टोलबर्ग-रिलिंगर यांनी, त्या काळी विधी आणि मानपान हेच राजकारणाचे चलन होते हे नीट उलगडून दाखवले. ख्रिस्तोफर क्लार्क यांच्या २००६ च्या 'आयर्न किंग्डम'मध्येही खर्चिक सोहळ्याकडे राज्याच्या उभारणीचे साधन म्हणून पाहिले आहे. हे मला मान्य आहे. फक्त 'विधी म्हणजे सत्ता' हे दाखवताना, ती सत्ता कोणावर चालली हा प्रश्न मागे पडतो.

सप्तमी गळून पडायला १७७२ साल उजाडले, पण ती सैल बरीच आधी झाली होती. फ्रेंचमध्ये, म्हणजे त्या काळच्या दरबारी भाषेत, या राजाला सर्रास प्रशियाचा राजाच म्हणत. १७५० च्या नाणेसुधारणेनंतरचा चांदीचा थालर हातात घेऊन पाहावा. एका बाजूला फ्रेडरिकचा चेहरा, भोवती लॅटिन अक्षरे: 'फ्रिडेरिकुस बोरुसोरुम रेक्स'. अर्थ 'फ्रेडरिक, प्रशियनांचा राजा'. सगळ्याच प्रशियनांचा. तेव्हा डान्झिगचे, थॉर्नचे आणि एल्बिंगचे प्रशियन पोलंडचे नागरिक होते. जर्मन पदवीत पाळलेला संकोच नाण्यावरच्या लॅटिनमध्ये पाळलेला नाही.

५ ऑगस्ट १७७२ रोजी रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी पोलंडचे लचके तोडण्याच्या करारावर सह्या केल्या. पोलिश संसदेने पदवी मान्य केली त्याला आठ वर्षे झाली होती. डान्झिग आणि थॉर्न सोडून शाही प्रशिया फ्रेडरिककडे गेला. २७ सप्टेंबरला मारीनबुर्गच्या किल्ल्यात, ऑर्डरच्या जुन्या राजधानीत, नव्या प्रजेकडून निष्ठेची शपथ घेतली गेली. पदवीत 'प्रशियाचा' आले आणि पुढच्या वर्षी प्रांतांची नावे पश्चिम प्रशिया आणि पूर्व प्रशिया अशी झाली. १७७३ च्या वॉर्सॉच्या तहात पोलंडकडून वेलाऊचे ते जुने कलमही सोडवून घेतले. प्रांतसभा गेली, शहरांचे हक्क गेले. १७९३ मध्ये दुसऱ्या फाळणीत डान्झिगची पाळी आली तेव्हा शहराने प्रशियाच्या फौजेवर गोळ्या झाडल्या. हाइनरिख फ्लोरिस शोपेनहॉअर हा व्यापारी प्रशियाची प्रजा व्हायचे नाही म्हणून तोटा सोसून कुटुंबासह हॅम्बुर्गला निघून गेला. त्याचा पाच वर्षांचा मुलगा म्हणजे पुढचा तत्त्वज्ञ आर्थर शोपेनहॉअर.

गंमत अशी की षष्ठी मिळाली तरी राज्य एकसंध झाले नव्हते. १७९४ च्या कायदेसंहितेच्या नावात 'प्रशियन राज्यांसाठी' असे अनेकवचनच आहे. १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य विसर्जित झाले, तेव्हा कुठे ब्रँडेनबर्गच्या इलेक्टरपदाचा प्रश्न मिटला.

एकोणिसाव्या शतकात हाच खेळ मोठ्या पटावर झाला, तो थोडक्यात सांगतो. १८४९ मध्ये फ्रँकफर्टच्या संसदेने चौथ्या फ्रेडरिक विल्यमला 'जर्मनांचा सम्राट' हे पद देऊ केले. त्याने ते नाकारले, कारण त्या षष्ठीत देणारे लोक होते. १८६१ मध्ये पहिला विल्यम क्योनिग्जबर्गला गेला आणि १७०१ नंतरचा पहिला व शेवटचा राज्याभिषेक करून घेतला, तोही स्वतःच्या हाताने. १८७१ मध्ये जर्मनीचे एकीकरण झाले तेव्हा त्याला 'जर्मनीचा सम्राट' व्हायचे होते. त्याचा पंतप्रधान बिस्मार्क याने ते होऊ दिले नाही. जर्मनीचा म्हटले की बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्गच्या राजांच्या जमिनीवर हक्क आला. 'जर्मन सम्राट' म्हटले की नाही. विल्यम इतका चिडला की समारंभात त्याने बिस्मार्ककडे पाहिलेसुद्धा नाही. बाडेनच्या ग्रँड ड्यूकने नुसताच 'सम्राट विल्यम' असा जयजयकार करून वेळ मारून नेली. हा समारंभ व्हर्सायला १८ जानेवारीला झाला. तारीख मुद्दाम १७०१ ची निवडली होती.

या १८७१ चा एक धागा आपल्यापर्यंत येतो. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी बर्लिनची युवराज्ञी होती. ती उद्या सम्राज्ञी होणार आणि आई राणीच राहणार, ही गोष्ट लंडनच्या दरबारात बोलली जात होती. १८७६ चा पदव्यांचा कायदा होण्यामागे इतर कारणांबरोबर हेही धरले जाते. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात 'कैसर-ए-हिंद' ही पदवी जाहीर झाली. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातमागाच्या स्वदेशी कापडाचा पोशाख घालून गेले होते. पदवीला पोशाखाने उत्तर देणारा असा माणूस क्योनिग्जबर्गच्या समारंभात कोणी नव्हता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये दुसऱ्या विल्यमने शेवटची कसरत करून पाहिली. सम्राटपद सोडतो, पण प्रशियाचा राजा म्हणून राहतो, असे त्याच्या मनात होते. १८७१ च्या घटनेच्या अकराव्या कलमाने सम्राटपद प्रशियाच्या राजाकडेच बांधलेले होते, त्यामुळे एक ठेवून दुसरे टाकता येत नव्हते. २८ नोव्हेंबरला हॉलंडमधल्या आमेरोंगन इथे त्याने दोन्ही पदांच्या त्यागावर सही केली. २५ फेब्रुवारी १९४७ रोजी दोस्त राष्ट्रांनी ४६ क्रमांकाच्या कायद्याने प्रशिया हे राज्यच रद्द केले. क्योनिग्जबर्ग आज रशियाचे कालिनिनग्राड आहे. राज्याभिषेकाच्या किल्ल्याचे उरलेले अवशेष १९६८ मध्ये पाडून टाकले गेले. डान्झिग आणि थॉर्न पोलंडमध्ये आहेत.

मराठीत प्रशियाविषयी जे थोडे लिहिले गेले ते बहुतेक बिस्मार्क आणि फ्रेडरिक यांच्या चरित्रांच्या अंगाने गेले. ज्यांना या विषयात पुढे जायचे आहे त्यांनी कारिन फ्रीडरिख यांचे २००० साली आलेले 'द अदर प्रशिया' आधी वाचावे, आणि मग राजांची चरित्रे. पोलंडच्या राजाचे प्रजाजन राहून स्वतःला प्रशियन म्हणवणाऱ्या त्या शहरांची बाजू कळल्याशिवाय १७०१ च्या सप्तमीचा आणि १७७२ च्या षष्ठीचा निवाडा करता येत नाही.